मुलगा म्हणतो, या वेळी वर्षभरच राहा

ताई, नमस्कार. आम्ही साताऱ्यात शाहूपुरीला राहतो. मी ६४ वर्षांची, हे ६९. हे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, त्यामुळे गल्लीत सगळे यांना गुरुजीच म्हणतात. एकुलता एक मुलगा न्यू जर्सीत एडिसनला आहे, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर. सूनही नोकरी करते. नातू चार वर्षांचा, नात सव्वा वर्षाची. आम्हा दोघांना दहा वर्षांचा टुरिस्ट व्हिसा मिळालेला आहे. नातवाच्या वेळी सहा महिने राहून आलो. मागच्या वर्षी नातीच्या वेळी फेब्रुवारीत गेलो. सहा महिने संपत आले तसा मुलाने मुदत वाढवून मागणारा अर्ज ऑनलाइन भरला. त्याचं उत्तर यायच्या आधीच डिसेंबरात आम्ही परत आलो. म्हणजे दहा महिने झाले.

आता मुलगा म्हणतो, जूनमध्ये या, सहा महिने झाले की पुन्हा अर्ज टाकू, पुढच्या मेपर्यंत राहा, मग दोन महिने साताऱ्याला जाऊन या आणि परत तसंच. त्याचा एक मित्र सांगतो की अर्जाचं उत्तर यायलाच कितीतरी महिने लागतात, तोवर कोणी काही विचारत नाही, आणि नकार आलाच तर तेव्हाचं तेव्हा बघू. हे मात्र सरळ नाही म्हणतात. यांना शुगर आहे. कोरेगाव तालुक्यात दोन एकर रान आहे, त्यात घेवडा आणि आलं असतं. मागच्या खेपेला हयातीचा दाखला राहिला आणि पेन्शन अडकली, तो राग अजून आहे. मला नातवंडांची ओढ आहे. पण तिकडे सगळे बाहेर गेले की दिवसभर बोलायला कोणी नसतं, हेही खरं. सुनेला वाईट वाटेल म्हणून कधी बोलले नाही. हे असं राहणं कायद्यात बसतं का? त्यापेक्षा मुलाने आमचं ग्रीन कार्डच का करू नये? मी काय करू, सांगा.
— एक आजी, सातारा

वहिनी,

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. जूनमध्ये जाऊ नका. गौरी-गणपती घरी करा आणि सप्टेंबरच्या शेवटी जा, एकट्या. फेब्रुवारीत परत या. या खेपेला मुदतवाढीचा अर्ज करायचा नाही, हे तिकीट काढायच्या आधीच मुलाला सांगा. गुरुजी येत नाहीत तर त्यांना राहू द्या.

आता कायद्याचं. मुलगा बेकायदेशीर काही सांगत नाहीये, हे पहिल्यांदा त्याच्या बाजूने बोलते. मुदत वाढवून मागण्याची सोय अमेरिकन सरकारनेच ठेवलेली आहे. आय-५३९ नावाचा अर्ज, २०२४ च्या एप्रिलपासून ऑनलाइन भरला तर ४२० डॉलर, कागदावर भरला तर ४७०. मुक्कामाची तारीख उलटायच्या आत तो पोहोचला पाहिजे. निदान ४५ दिवस आधी करा असं तिथलं इमिग्रेशन कार्यालयच सुचवतं. मागच्या वर्षी तुम्ही वेळेत अर्ज केलात, मागितलेल्या मुदतीच्या आत निघालात. त्यात काही चुकलेलं नाही. त्या अर्जाची पोच आणि परतीचे बोर्डिंग पास मात्र टाकून देऊ नका. पुढच्या प्रवासात ते हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नको.

गोंधळ होतो तो व्हिसा आणि मुक्काम यांत. पासपोर्टवर चिकटवलेला दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे तिथल्या विमानतळावरच्या अधिकाऱ्यासमोर जाऊन उभं राहायची परवानगी. आत घ्यायचं की नाही आणि किती दिवस, हे तो अधिकारी ठरवतो. ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते. विमानाने येणाऱ्यांसाठी ही नोंद २०१३ पासून संगणकावरच असते, मुलाला ती सरकारी संकेतस्थळावर पासपोर्ट नंबर घालून बघता येते. बहुतेकांना सहा महिने मिळतात. कमीही मिळू शकतात. आपल्याकडे 'व्हिसा २०३२ पर्यंत आहे' असं सांगत लोक निर्धास्त असतात आणि आय-९४ वरची तारीख कोणी बघितलेलीच नसते. उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी ती बघायची, कॅलेंडरवर लिहायची.

त्या मित्राचा सल्ला मला अजिबात आवडला नाही. त्यात अर्धं खरं आहे, म्हणून तो जास्त घातक. वेळेत भरलेला अर्ज पडून असेपर्यंत तुमचा मुक्काम बेकायदेशीर धरत नाहीत, हे बरोबर. पण समजा सहा महिन्यांची तारीख उलटून गेलीय, तुम्ही एडिसनला आहात आणि नकार आला. त्या क्षणी तुमचा दहा वर्षांचा व्हिसा आपोआप रद्द होतो. दुसऱ्या दिवशीच्या विमानात बसलात तरी रद्दच. आणि नकाराच्या दुसऱ्या दिवसापासून बेकायदेशीर मुक्कामाचे दिवस मोजायला सुरुवात होते. ते १८० दिवसांच्या वर गेले तर बाहेर पडल्यावर तीन वर्षं प्रवेशबंदी, वर्षाच्या वर गेले तर दहा वर्षं. तुम्ही इतक्या थांबणार नाही, मला ठाऊक आहे. पण व्हिसा गेला तर नवा करायला पुन्हा तो लांबलचक डीएस-१६० फॉर्म, १८५ डॉलर, मुंबईला बीकेसीतल्या वकिलातीची तारीख आणि त्या खिडकीत पहिलाच प्रश्न, मागच्या वेळी एवढे महिने काय करत होतात? 'तेव्हाचं तेव्हा बघू' म्हणणाऱ्या मित्राचा व्हिसा यात पणाला लागत नाही. तुमचा लागतो.

आणि नकार का यावा? तर अर्जात लिहावं लागतं की जास्त का राहायचंय, खर्च कोण करतं, आणि परत कधी जाणार. सुनेचं बाळंतपण हे एका खेपेचं कारण म्हणून समजण्यासारखं आहे. दर वर्षी 'मुलं लहान आहेत, सांभाळायला कोणी नाही' असं लिहिलंत तर वाचणारा माणूस म्हणेल, या बाई पाहुण्या नाहीत, इथे राहतायत. त्यांच्या कायद्यात टुरिस्टने मुळात हे पटवून द्यायचं असतं की माझं घर माझ्या देशात आहे आणि मी तिथे परत जाणार आहे. बारा महिन्यांतले दहा तिकडे आणि दोन इकडे, हा हिशेब कुठल्याही कागदाने पटवता येणार नाही. दोन खेपांच्या मध्ये किती महिने जावेत याचा लिखित नियम नाही. पण जेवढं तिथे राहिलात निदान तेवढं इथे राहून मग जावं, असा एक साधा अंदाज लोक धरून चालतात आणि मला तो शहाणपणाचा वाटतो. तुम्ही दहा महिने राहिलात, डिसेंबरात आलात. सप्टेंबरअखेर निघालात तर नऊ-साडेनऊ महिने होतात. जूनला निघालात तर सहा. म्हणून जून नको म्हटलं.

विमानतळावर विचारतील. तुमच्या आधीच्या सगळ्या फेऱ्या त्यांच्या पडद्यावर असतात. तिथे खरं तेच बोला. कोणी शिकवलेली उत्तरं देऊ नका. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर कायमची बंदी येऊ शकते. पगार घेऊन काम करायला टुरिस्टला मनाई आहे. आजीने नातीला वरणभात भरवणं म्हणजे नोकरी नव्हे. पण मुलाच्या घरची पाळणाघराची सोय म्हणून ही बाई आलीय, असं अधिकाऱ्याला वाटलं तर परत पाठवायचा अधिकार त्याला आहे आणि तिथे कुणाची वशिलेबाजी चालत नाही. यावर उपाय उत्तरं घोटून जाण्यात नाही. आपण खरोखरच भेटायला चाललोय, साडेचार महिन्यांनी परतीचं तिकीट आहे, नवरा साताऱ्यात आहे, रान आहे, घर आहे, हे खरं असण्यात आहे. गुरुजी मागे राहिले तर तुमची बाजू उलट भक्कमच होते, हे मुलाला सांगायला हरकत नाही.

ग्रीन कार्डाचं थोडक्यात. मुलाला आज ते करता येत नाही. आईवडिलांसाठी अर्ज फक्त अमेरिकन नागरिक असलेलं, २१ वर्षं पूर्ण झालेलं अपत्य करू शकतं. एच-वन-बीवाला नाही, आणि स्वतः ग्रीन कार्ड मिळालेला मुलगाही नाही. नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डासाठी भारतीयांची रांग किती लांब आहे ते तुमच्या घरात रोज बोललं जात असेल. ते मिळाल्यावर साधारण पाच वर्षांनी नागरिकत्व, मग तुमचा अर्ज. नातवंडं तिथे जन्मली म्हणून जन्माने नागरिक आहेत, पण आजी-आजोबांसाठी नातवाला अर्ज करता येत नाही. हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो म्हणून सांगून टाकते. आणि समजा उद्या मिळालंच, तर ग्रीन कार्ड म्हणजे तिथे राहायचं कार्ड. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात की प्रश्न विचारतात, आधी परवानगी न घेता वर्षभर बाहेर राहिलात तर ते हातचं जाऊ शकतं. तुम्हाला सातारा सुट्टीत यायचं गाव करायचंय का? गुरुजींचं उत्तर तुम्ही कळवलेलंच आहे.

कॅनडाने या दुखण्यावर निदान काहीतरी केलंय. तिथले नागरिक किंवा कायमचे रहिवासी झालेल्यांच्या आईवडिलांसाठी सुपर व्हिसा आहे. २०२२ च्या जुलैपासून त्यावर एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं, अट म्हणजे किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा आणि मुलाचं पुरेसं उत्पन्न. अमेरिकेत असलं काही नाही. तिथे आई ही कायद्याच्या लेखी टुरिस्टच, नायगारा बघायला आलेल्या बाईसारखी. मुलगा मुदतवाढीची जी कसरत करतोय ती त्यामुळेच. त्याला दोष देत नाही. पण नसलेली सोय तुमच्या पासपोर्टमधून काढायला निघालाय तो.

आता एक गोष्ट, जी तुमच्या पत्रात नाही आणि बहुधा मुलाच्याही ध्यानात नाही. अमेरिकेचा आयकर. व्हिसा टुरिस्ट असला तरी ते लोक दिवस मोजतात. चालू वर्षातले सगळे दिवस, आदल्या वर्षाचे एक तृतीयांश आणि त्याच्या आदल्या वर्षाचे एक षष्ठांश. बेरीज १८३ झाली आणि चालू वर्षात निदान ३१ दिवस असले, की करापुरते तुम्ही तिथले रहिवासी धरले जाता. मागच्या वर्षी फेब्रुवारी ते डिसेंबर म्हणजे त्या एका वर्षातच तुम्ही दोघंही ही रेघ ओलांडून पुढे गेलात. रहिवासी झालं की जगभरातलं उत्पन्न दाखवायचं, म्हणजे गुरुजींची पेन्शन आणि ठेवींचं व्याजसुद्धा. शिवाय बाहेरच्या देशातल्या खात्यांत मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर रक्कम असेल तर त्याची वेगळी माहिती द्यावी लागते. ग्रॅच्युइटी आणि फंडाचे पैसे ठेवीत असलेल्या कुठल्याही निवृत्त शिक्षकाचा आकडा त्याच्या वर जातो. घाबरू नका. एकाच उत्पन्नावर दोनदा कर बसू नये म्हणून भारत-अमेरिकेत करार आहे, प्रत्यक्षात कर बसेलच असं नाही. पण कागद भरायचे राहिले तर दंड मोठे असतात. मुलाला म्हणा, तुझा कर भरणारा जो सीपीए आहे त्याच्यासमोर आमच्या तारखा ठेव, याच महिन्यात. चालू वर्षात १८३ दिवसांच्या आत राहिलं तर 'आमचं घरदार, संसार, सगळं भारतात आहे' असं सांगणारा निराळा फॉर्म असतो आणि मामला सोपा होतो. सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारी हा मुक्काम दोन वर्षांत विभागला जातो, त्याचा इथेही फायदा.

इकडे भारतात मात्र तेवढ्याने तुम्ही एनआरआय झालात असं समजू नका. नोकरीसाठी गेलेल्या मुलाचे नियम मुलाकडे भेटीला गेलेल्या आईवडिलांना जसेच्या तसे लागत नाहीत. साताऱ्यातल्या तुमच्या कर सल्लागाराला मागच्या दोन आर्थिक वर्षांतल्या तारखा दाखवा, एवढं पुरे.

गुरुजींच्या शुगरचं मी मुद्दाम वेगळं काढलं. व्हिजिटर विमा घेतला की झालं, असं मुलांना वाटतं. त्या विम्यात आधीपासून असलेला आजार बहुतेक वेळा धरतच नाहीत, किंवा 'अचानक उफाळला तर' अशा अटीवर, वयाची मर्यादा घालून धरतात. शुगरमुळे पायाची जखम चिघळली, तर ती अचानक होती की आधीची, यावर विमा कंपनीशी वाद घालत बसायचं. मेडिकेअर या तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचा टुरिस्टशी संबंध नाही. ६५ च्या वरच्या नव्या ग्रीन कार्डवाल्यालाही त्यासाठी पाच वर्षं तिथे राहावं लागतं. आपली इथली मेडिक्लेम पॉलिसी तिकडच्या इस्पितळात सहसा चालत नाही, पण तिचा हप्ता चुकवून ती बंद पाडली तर या वयात नवी मिळणं अवघड. सत्तरीला टेकलेल्या, शुगर असलेल्या माणसाला वर्षभर अशा अधांतरी ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मग तो माणूस स्वतः उत्साहाने निघाला असता तरी मी हेच म्हटलं असतं. इथे तर तो नाही म्हणतोय.

पेन्शन अडकली त्याचा राग एवढा धरून ठेवण्याचं कारण नाही, हे गुरुजींना माझ्याकडून सांगा. जीवन प्रमाण ही हयातीच्या दाखल्याची ऑनलाइन सोय २०१४ पासून आहे आणि २०२१ पासून चेहरा दाखवून मोबाइलवरही हयातीचा दाखला देता येतो. नोव्हेंबरात मुलाने पाच मिनिटं काढली असती तर एडिसनहून झालं असतं. कोणाच्या लक्षात आलं नाही, एवढंच. रानाचं तसं नाही. ई-पीक पाहणी बांधावर उभं राहून, पिकाचा फोटो काढून करायची असते, ती न्यू जर्सीतून होत नाही. वाटेकरी करील, सहायक करील, हे खरं. पण कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि ज्याने शाळा सुटल्यावर चाळीस वर्षं ते रान बघितलं त्याला जूनच्या पेरणीला हजर राहायचंय. यासाठी त्याला आजाराचं कारण पुढे करायला लावू नका. 'बाबांची तब्येत बरी नाही म्हणून येत नाहीत' असं तुम्ही मुलाला सांगितलंत तर तो पुढच्या वर्षी तब्येत कशी आहे विचारेल आणि पुन्हा तिकीट काढेल. 'बाबांना यायचं नाही' असंच सांगा.

राहता राहिल्या तुम्ही. दिवसभर बोलायला कोणी नसतं हे तुम्ही एका ओळीत उरकलंत, आणि मुदतवाढीवर पंधरा ओळी लिहिल्यात. मला ती एक ओळ जास्त महत्त्वाची वाटते. एडिसनसारख्या ठिकाणी, जिथे ओक ट्री रोडवर कढीपत्त्यापासून पूजेच्या सुपारीपर्यंत सगळं मिळतं, तिथेही गाडी चालवता न येणारी बाई घरातच अडकते. रस्ता शंभर पावलांवर असतो पण बाळ कडेवर, बाहेर थंडी, चावीचा कोड लक्षात नाही, आणि चुकलोच तर विचारायचं कुणाला. साताऱ्यात तुम्ही राजवाड्यापर्यंत चालत जाऊन येता, वाटेत चार जणी भेटतात, भाजी घेताना दोन रुपयांवरून हुज्जत घालता. हे सगळं एका दिवसात बंद होतं आणि त्याला सुखाचे दिवस म्हणायचं असतं, कारण नातवंडं जवळ आहेत. दोन्ही एकदम खरं असू शकतं, वहिनी. नातीवर जीव आहे आणि दुपार खायला उठते.

म्हणून जाताना काही गोष्टी आधी ठरवून घ्या, आणि मुलाशी नव्हे, सुनेशी. मुलाला सांगितलेलं सुनेपर्यंत पोहोचताना 'आईला कंटाळा आलाय' एवढंच उरतं. तिलाच फोन करा, ती ऑफिसातून सुटल्यावर, तो जवळ नसताना. म्हणा, मी येतेय, आनंदाने येतेय, फेब्रुवारीत परत जाणार आहे. आठवड्यातले दोन दिवस मी मुलांना बघणार नाही, त्या दिवशी मला लायब्ररीत किंवा देवळात सोडायचं आणि संध्याकाळी घ्यायचं. माझा स्वतःचा फोन आणि नंबर हवा. हातात थोडे पैसे हवेत, मागावे न लागतील असे. संध्याकाळी तुम्ही दोघं घरी आलात की मुलं तुमची, मी आजी. हे ऐकून तिला वाईट वाटेल असं तुम्ही धरून चाललाय. माझा अनुभव असा की असल्या घरांत सूनही पुष्कळदा सासूला वाईट वाटेल म्हणून गप्प असते. तिला स्वयंपाकघर स्वतःच्या हातात हवं असतं, बाळाला पाळणाघरात घालायचंही असतं, पण 'आई असताना कशाला' या एका वाक्यापुढे तिचं काही चालत नाही. विचारल्याशिवाय कळणार नाही.

मुलासुनेची अडचण खोटी नाही, तेही बोलून टाकते. एच-वन-बीवर नोकरी गेली तर दुसरी शोधायला ६० दिवस असतात, नाहीतर गाशा गुंडाळायचा. असं डोक्यावर असताना दोघांपैकी एकानेही नोकरी सोडायची हिंमत होत नाही, आणि न्यू जर्सीत दोन मुलांचं पाळणाघर म्हणजे पगाराचा मोठा लचका. आईबाबा आले की तो वाचतो. वाचवावा, त्यात गैर काही नाही. फक्त तो किती महिने वाचवायचा हे ठरवताना त्यांच्या बचतीबरोबर तुमचा व्हिसा, गुरुजींची तब्येत आणि तुमच्या दुपारीही मोजल्या जाव्यात. तिकीट आणि विमा मुलाने करावा. तुमच्या ठेवीला हात लावू नका.

गुरुजी एकटे कसे राहतील, हा प्रश्न तुमच्या मनात आत्ताच आला असेल. चार महिन्यांची मुदत आहे, शिकवा त्यांना. भाकरी नाही जमायची, वरणभात आणि कोशिंबीर जमेल. पोळी-भाजी घरपोच देणाऱ्या बायका शाहूपुरीत मिळतील. सकाळची शुगर रोज वहीत लिहायची आणि मुलाने आठवड्याला फोनवर विचारायची, हे त्याचं काम. शेजारच्या घरी एक किल्ली ठेवा. एवढ्यावर भागणार नाही अशी त्यांची तब्येत असेल, तर मग चार महिनेही जाऊ नका, दोन महिने जा. पण त्यांना ओढत नेऊ नका.

आता लगेच करायचं ते असं. या रविवारी मुलाला सांगा की जून जमणार नाही आणि बाबा येणार नाहीत. दोन्ही एकाच फोनवर, म्हणजे त्याला एकदाच राग येईल. मागच्या वर्षीच्या तारखा सीपीएला द्यायला सांगा. परतीचं तिकीट फेब्रुवारीचं, आणि ती तारीख सुनेला आजच कळवा. बऱ्या पाळणाघरात नाव घालून जागा मिळायला तिकडे कित्येक महिने लागतात, आणि तुम्ही निघाल्यावर नातीला कुठे ठेवायचं हे तिला आत्तापासून बघावं लागेल.